ओट्याखालचं बीळ: बॉस्टनजवळच्या एका घरातलं चिपमंक प्रकरण

पार्श्वभूमी

घर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. बांधकाम साधारण चाळीस वर्षांपूर्वीचं. खाली काँक्रीटचं बेसमेंट, मागे लाकडी डेक, पुढच्या दारासमोर सहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा सिमेंटचा ओटा, त्याला दोन पायऱ्या. परसाच्या कडेने रचलेल्या दगडांचा जुना गडगा जातो. त्या भागात शेतं होती तेव्हाचे असे गडगे जागोजागी आहेत. दगडांमध्ये चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या फटी. गडग्यापलीकडे ओकची झाडं, आणि आदल्या पानगळीत ओकची फळं भरघोस पडली होती.

ज्यांना चिपमंक, म्हणजे खारीच्या कुळातला पण जमिनीत बीळ करणारा छोटा पट्टेदार प्राणी, माहीत आहेत त्यांना एवढ्यावरच पुढचं कळेल. ओकची फळं भरपूर पडली की चिपमंकचं कोठार भरतं, हिवाळ्यात जास्त जनावरं तगतात आणि पुढच्या उन्हाळ्यात संख्या वाढते. गडग्याच्या फटी म्हणजे त्यांच्या दृष्टीने तयार चाळच.

घरात मराठी कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, आणि एप्रिलच्या शेवटी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. परसात चार बाय आठ फुटांचे दोन उंच वाफे. त्यांत मटार, भोपळा, सूर्यफूल, टोमॅटो, मिरची, मेथी. डेकच्या कठड्याला, भिंतीपासून सहा फुटांवर, पक्ष्यांसाठी दाण्यांचा टांगता डबा.

चिपमंक म्हणजे आपली खार नव्हे. अंगावर पट्टे आहेत, आकारही जवळपास तेवढाच. पण चिपमंकच्या तोंडावरही पट्टे असतात, शेपटी तेवढी झुबकेदार नसते आणि गालांत दाणे भरायच्या पिशव्या असतात. सगळ्यात मोठा फरक राहण्याचा. आपली खार झाडावर घरटं करते, चिपमंक जमिनीत बीळ करतो. आजींनी पहिल्याच आठवड्यात हे हेरलं होतं: “खार कधी बिळात शिरते का? हा उंदराच्या जातीचा दिसतोय.” कूळ खारीचंच, पण बिळाचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त त्याचा पुढे कोणी उपयोग केला नाही.

तक्रारी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ओट्याच्या डाव्या कोपऱ्याशी एक भोक दिसलं. व्यास दोन इंच, कडा स्वच्छ, बाहेर मातीचा कणही नाही. त्याच बाजूला ओट्याला तडा होता आणि तो कोपरा अर्धा इंच खचलेला होता. घरमालकांनी दोन गोष्टी जोडल्या: चिपमंकने खालून माती काढली, म्हणून ओटा खचला.

दुसरी तक्रार वाफ्यांची. मटार आणि भोपळ्याचं बी पेरलं की दुसऱ्या दिवशी ओळीने छोटे खड्डे. सूर्यफूल तीन वेळा पेरलं, तिन्ही वेळा गेलं.

तिसरी सगळ्यात गंभीर. मेच्या शेवटी मुलीच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली. त्या भागात काळ्या पायांच्या गोचिडीपासून लाइम रोग होतो, आणि त्याचे जंतू ज्या छोट्या प्राण्यांच्या रक्तातून गोचिडीत येतात त्यांत पांढऱ्या पायांचा उंदीर आणि चिपमंक दोन्ही आहेत. हे वाचल्यावर घरातलं वातावरण बदललं. तोपर्यंत ‘गोंडस’ असलेला प्राणी एका रात्रीत शत्रू झाला.

एका कंपनीने येऊन पाहिलं आणि सापळे, बिळं बुजवणं व ‘वर्षभराची हमी’ मिळून अठराशे डॉलर सांगितले. पाहणी दहा मिनिटांत आटोपली. पन्हळीकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही.

आमचा सल्ला घेण्याआधी झालेले चार उपाय

हे सविस्तर देतो, कारण बहुतेक घरांत हेच चार याच क्रमाने होतात.

*फोम.* भोकात फवाऱ्याचा फोम भरला. तिसऱ्या दिवशी दीड फुटावर नवं भोक आलं आणि फोमचे पिवळे तुकडे गवतावर. चिपमंकचं बीळ म्हणजे एक बोगदा नसतो. झोपायची खोली, कोठार, फाटे असं ते असतं आणि बाहेर यायला एकाहून जास्त वाटा असू शकतात. तोंड बुजवलं तर तो दुसरं तोंड काढतो. मूळ बोगदा खणताना काढलेली माती तो दूर नेऊन टाकतो, आणि ते कामाचं तोंड नंतर बंद करतो. म्हणूनच रोजच्या वापराच्या भोकाशी मातीचा ढीग दिसत नाही. आपल्याकडची घूस याच्या उलट. तिच्या बिळाशी उकरलेल्या मातीचा ढिगारा हमखास असतो. ढीग नसलेलं, दोन इंची, स्वच्छ कडांचं भोक दिसलं तर त्या प्रदेशात आधी चिपमंकचा विचार करावा.

*डांबरगोळ्या.* कपाटात ठेवतो त्याच. मूठभर भोकात टाकल्या. चिपमंक गेला नाही. वास मात्र भिंत आणि लाकडी चौकटीच्या फटीतून बेसमेंटमध्ये आला आणि तिथे तीन आठवडे मुक्कामाला राहिला. अमेरिकेत डांबरगोळी नोंदणीकृत कीटकनाशक आहे. ती बंद पेटीत कपड्यांसाठी वापरायची. मातीत टाकणं लेबलच्या विरुद्ध, म्हणजे बेकायदा. शिवाय नॅफ्थलीन लहान मुलांच्या हाती लागणं धोक्याचं, आणि जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. चमचा आणि चिमटा घेऊन सगळ्या गोळ्या परत काढाव्या लागल्या. अकरा सापडल्या; किती टाकल्या होत्या ते कोणी मोजलं नव्हतं.

*कोंबडीजाळी.* वाफ्यावर एक इंची षटकोनी जाळी अंथरली. चिपमंक तिच्यातून आरपार गेला. वयात आलेल्या जनावराचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. डोकं शिरलं की अंग शिरतं.

*पिंजरा.* जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच इंच रुंद, पाच इंच उंच आणि सोळा इंच लांब असा तारेचा पिंजरा आणला, आत शेंगदाण्याचं लोणी. दोन तासांत एक सापडला. घरमालकांनी तो गाडीत घालून तीन मैलांवरच्या राखीव जंगलात सोडला. चार दिवसांनी दुसरा सापडला तेव्हा पत्नीने पिंजरा उचलून पाहिला. पोटाशी सड स्पष्ट दिसत होते, भोवतीचे केस झिजलेले. दूध पाजणारी मादी होती. तिने नवऱ्याला गाडी काढू दिली नाही आणि मादीला तिथेच सोडलं.

या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय, आणि तो अचूक ठरला. कायद्यानेही तेच बरोबर. मॅसॅच्युसेट्समध्ये पकडलेला वन्यप्राणी आपल्या आवाराबाहेर नेऊन सोडायला बंदी आहे. जागच्या जागी सोडा किंवा मारा, तिसरा पर्याय नाही. पहिला चिपमंक ‘दया’ म्हणून जंगलात सोडला ते बेकायदा तर होतंच, दयाही नव्हती. नव्या जागेत त्याला बीळ नाही, कोठार नाही, आणि प्रत्येक चांगल्या जागेवर आधीच कोणीतरी बसलेला. चिपमंक एकलकोंडा आणि हद्दीचा पक्का असतो.

तपासणी

जूनच्या मध्याला सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या करून पाहिल्या. कळीचं काम हेच होतं, म्हणून इथे थोडा वेळ देऊ.

*ओटा.* आधी साधं गणित. पाच सेंटिमीटर व्यासाचा, दहा मीटर लांबीचा बोगदा धरला तर त्यातून निघणारी माती वीस लिटरच्या आसपास, म्हणजे एक मोठी बादली. खोल्या धरून दोन-तीन बादल्या म्हणू. ती माती दहा मीटरभर पसरलेल्या जागेतून निघालेली. एवढ्याने सिमेंटचा कोपरा अर्धा इंच बसणं अवघड.

मग वर पाहिलं. छपराच्या सुमारे पाचशे चौरस फुटांचं पाणी एका पन्हळीच्या उभ्या पाइपातून खाली येत होतं आणि तो पाइप ओट्याच्या त्याच कोपऱ्यापासून एका फुटावर संपत होता. खालचा फेकपाट, म्हणजे पाणी दूर लोटणारा सिमेंटचा उतरता तुकडा, कधीच गायब झालेला. एक इंच पाऊस झाला तर त्या पाइपातून जवळजवळ बाराशे लिटर पाणी एकाच जागी पडतं. पाइपात पंधरा मिनिटं नळी सोडून पाहिली. पाणी अंगणाकडे न वाहता ओट्याकडे वळलं, कोपऱ्याशी साचलं आणि मग थेट चिपमंकच्या भोकात उतरायला लागलं.

म्हणजे बिळाचा दोष अगदीच नव्हता असं नाही. पाण्याला आत जायला त्याने आयती नळी करून दिली होती. पण माती वाहून नेणारं पाणी पन्हळीचं. त्यात अशा ओट्यांखाली बहुतेकदा घराच्या पायालगतची भरावाची माती असते, आणि ती वर्षानुवर्षं दबत जाते. पाणसळ ठेवली तर ओटा पन्हळीच्या कोपऱ्याकडे कललेला, उलट बाजूला, जिथे दुसरं जुनं भोक होतं, तिथे अजिबात नाही. इथे चिपमंक आरोपातून सुटला.

तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने आडव्या खुणा केल्या, बाजूला तारीख लिहिली. अंतर चार मिलिमीटर.

*बिळं किती आणि चालू किती.* आवारात सात भोकं सापडली. सात भोकं म्हणजे सात चिपमंक नव्हेत. चालू भोक ओळखायची सोपी रीत अशी: कागदाचा सैल बोळा भोकात दोन इंच आत खुपसायचा आणि ४८ तास थांबायचं. बोळा बाहेर पडला तर आत कोणीतरी राहतं. घट्ट ठासायचा नाही, नाहीतर तो दुसऱ्या तोंडाने जातो आणि तुम्हाला भोक बंद वाटतं.

हे काम आजींनी घेतलं. किराणा दुकानाच्या जाहिरातींचे रंगीत कागद, प्रत्येक भोकाला वेगळा रंग, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंद. दोन दिवसांनी सातापैकी तीन बोळे बाहेर: एक ओट्याशी, एक सरपणाच्या ढिगाखाली, एक गडग्यालगत.

*अन्न.* डब्याखाली डेकच्या फळ्यांवर आणि जमिनीवर दाण्यांचा सडा. त्याशिवाय आजी रोज सकाळी डेकच्या पायरीवर मूठभर शेंगदाणे ठेवत. सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली म्हणून रामाने तिच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले, ही गोष्ट त्यांनी नातीला सांगितली होती, आणि पट्टे असलेल्याला उपाशी ठेवायचं नाही हे ओघानेच आलं. चिपमंक गाल फुगवून शेंगदाणे नेई, थेट ओट्याखाली. मुलगा पुढच्या दाराशी पिंजरे लावत होता आणि आई मागच्या दाराशी शिधा वाटत होती. पंधरा दिवस हे दोघांनाही नीट माहीत नव्हतं.

*गोचीड.* इथे घाई करायची नसते आणि वेळही घालवायचा नसतो. पालकांनी बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत पकडून सरळ ओढून काढली, डबीत ठेवली, जागा साबणाने धुतली आणि मुलांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. बरोबर केलं. तेल, मेणबत्ती, नेलपॉलिश यांतलं काहीही लावायचं नसतं. मे ते जुलै या काळात गोचिडीची अर्धवट वाढलेली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि रोग मुख्यतः त्यांच्याकडूनच लागतो, म्हणून या महिन्यांत रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत पाहायचं. चिपमंक हटवून गोचिडी जात नाहीत. उंदीर राहतात आणि मोठ्या गोचिडींना वाहणारी हरणंही राहतात.

विचारात घेतलेले पर्याय

मारणं. उंदराचा मोठा, कमानीचा सापळा पेटीत किंवा तिरक्या फळीखाली ठेवला तर चिपमंक चटकन मरतो, आणि त्या राज्यात असा साधा सापळा चालतो. संख्या थोडी असेल आणि जवळ दुसरी वस्ती नसेल तर हा उपाय खोटा नाही. इथे तीस फुटांवर गडगा भरलेला होता. ओट्याखालची जागा रिकामी झाली की काही आठवड्यांत दुसरा भाडेकरू आला असता. घरात मारण्याला विरोध होता तो वेगळा, पण विरोध नसता तरी आमचा कौल हाच असता.

विष. उंदरांच्या विषाच्या लेबलवर चिपमंकचं नाव नसतं, म्हणजे ते वापरता येत नाही. विष खाल्लेला प्राणी घुबड, ससाणा, कोल्हा खातात आणि विष पुढे जातं.

तिखट फवारे, कोल्ह्याचं मूत्र, ध्वनियंत्र. तिखटाचा फवारा कोरड्या हवेत दोन-चार दिवस टिकतो, पावसात धुऊन जातो, आणि खायच्या पाल्यावर मारणार कोण? ध्वनियंत्रावर पैसे घालू नयेत.

उरला तो वाट अडवण्याचा आणि अन्न-पाणी-आडोसा दूर करण्याचा मार्ग. मेहनतीचा, पण एकदा केला की टिकणारा. तो घेतला. गडग्याला हात लावायचा नाही हेही तेव्हाच ठरलं: तिकडे चिपमंक राहोत, इकडे नकोत.

केव्हा बंद करायचं, हा दुसरा निर्णय

चिपमंकच्या वर्षाला दोन विणी होऊ शकतात. पहिली पिल्लं वसंतात जन्मतात आणि जूनच्या सुमारास बाहेर दिसू लागतात. दुसरी उन्हाळ्यात, ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाहेर येतात. पिल्लं महिना-सव्वा महिना बिळातच असतात. जूनमध्ये जाळी ठोकली असती तर पिल्लं आत मेली असती आणि ओट्याखालून वास आला असता.

फार उशीरही चालत नाही. चिपमंक अस्वलासारखा चरबी साठवून झोपत नाही. थंडीत सुस्त पडतो, मधून मधून उठतो आणि कोठारातलं खातो. ऑक्टोबरच्या शेवटी त्याला कोठारापासून तोडलं तर हिवाळा त्याला मारतो. म्हणून मुहूर्त सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा: पिल्लं बाहेर, आणि नव्या जागी दाणागोटा जमवायला महिना-दीड महिना हाती.

पाणी, अन्न आणि वाफे यांना मुहूर्ताची गरज नव्हती.

काय केलं

*पन्हळ, जूनमध्ये.* पाइपाला सहा फुटांची जोडनळी लावली आणि तोंड उताराकडे वळवलं. ओट्याभोवतीची खोलगट जागा मातीने भरून उतार बाहेर काढला. दहा फुटांत सहा इंच हे लक्षात ठेवायचं माप. खर्च चाळीस डॉलरच्या आत.

*दाणे.* टांगता डबा उतरवला. तो आता फक्त डिसेंबर ते मार्च, आणि घरापासून तीस फुटांवर खांबाला. त्या महिन्यांत चिपमंक बहुतेक वेळ जमिनीखाली असतात, पक्ष्यांनाही तेव्हाच खरी गरज असते. उन्हाळ्यात दाणे ठेवले नाहीत म्हणून पक्षी उपाशी मरत नाहीत. किड्यांचा सुकाळ असतो.

शेंगदाण्यांचा प्रश्न नाजूक होता. मुलाने “आई, ते बंद कर” एवढंच म्हणून पाहिलं आणि दोन दिवस अबोला झाला. मग सुनेने त्यांना कॅलेंडर दाखवलं. ज्या दिवशी डेकवर शेंगदाणे होते, त्या त्या दिवशी ओट्याचा बोळा बाहेर. आजी दोन दिवस बॉस्टनला नातेवाइकांकडे होत्या तेव्हा बोळा जागेवर. तीन आठवड्यांच्या नोंदीला पुरावा म्हणणं धाडसाचं, पण नोंद त्यांच्याच अक्षरातली होती. त्या म्हणाल्या, “मग मी गडग्यापाशी ठेवीन.” तेही नको होतं, पण त्यांनी ते दोनदाच केलं, गवत ओलं असतं म्हणून. हातातून भरवणं मात्र पूर्ण बंद. चिपमंकला रेबीज असल्याचं जवळपास आढळत नाही, तरी बोट आणि शेंगदाणा यांतला फरक त्याला दर वेळी कळेलच असं नाही.

*सरपण.* भिंतीपासून चार फुटांवरचा ढीग पंचवीस फुटांवर नेला, खाली लाकडी पॅलेट. ढिगाखालचं बीळ आठवड्यात ओस पडलं.

*वाफे.* दोन इंची चौकोनी लाकडाच्या चार बाय चार फुटांच्या चौकटी, प्रत्येक वाफ्याला दोन. त्यावर पाव इंची जाळी, ‘हार्डवेअर क्लॉथ’ म्हणून मिळते ती. एकटा माणूस उचलू शकेल असं हे माप. अख्ख्या वाफ्याची चौकट केली तर ती कोणी उचलत नाही आणि तण माजतं. पेरल्याबरोबर झाकायचं, रोप चार-पाच इंचांचं झालं की काढायचं. तोपर्यंत बियातला दाणा संपलेला असतो आणि उकरण्यात चिपमंकला रस उरत नाही. भोपळ्याला फुलं यायच्या आत चौकट निघालीच पाहिजे, नाहीतर मधमाशी पोचणार नाही.

टोमॅटोला चौकट जमत नाही. ते लाली धरताच तोडायचे आणि घरात पिकवायचे. एका चाव्याने फुकट जाणारी फळं निम्म्याहून कमी झाली.

*ओट्याची जाळी, सप्टेंबरमध्ये.* खणण्याआधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून देणाऱ्या सेवेला. मॅसॅच्युसेट्समध्ये शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून ७२ तास आधी कळवावं लागतं. सेवा फुकट आहे. माणसं येऊन रंगाने खुणा करून गेली आणि पिवळी रेघ, म्हणजे गॅस, ओट्याच्या उजव्या बाजूने हातभर अंतरावर निघाली. कुदळीचा बेत तिथेच रद्द झाला. ती बाजू हातखुरप्याने खणली, अर्धा दिवस जास्त लागला.

ओट्याच्या तीन मोकळ्या बाजू मिळून चौदा फूट. त्याभोवती दहा इंच खोल आणि फूटभर रुंद चर. दोन फूट रुंदीची पाव इंची जाळी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवली: एक पाय ओट्याच्या उभ्या भिंतीला लागून, दुसरा चराच्या तळाशी बाहेरच्या दिशेने फूटभर आडवा. चिपमंक भिंतीलगत उतरून खणतो, जाळीवर आदळतो. मागे सरून फूटभर दूर खणायचं त्याला सहसा सुचत नाही. वरची कड काँक्रीटला स्क्रू आणि रुंद वॉशरने दर फुटाला बसवली. दोन तुकडे जोडताना सहा इंच एकावर एक.

चालू भोकासमोरची फूटभर जागा मुद्दाम मोकळी ठेवली. तिथे रोज बोळा. पहिल्या दिवशी बाहेर, दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून सलग ४८ तास बोळा हलला नाही, आणि दुपारी चिपमंक गडग्यावर दिसला तेव्हा शेवटचा तुकडा ठोकला. चर चार-चार इंचांच्या थरांनी माती भरत धुमसून घेतला, वर तीन फूट रुंदीचा खडीचा पट्टा. परसात गवत आणि झाडी यांच्या सीमेवरही तसाच लाकडाच्या चोयट्यांचा पट्टा टाकला. गोचिडी कोरडा, उघडा पट्टा ओलांडायला नाखूश असतात आणि आडोसा नसलेल्या जागी चिपमंकही रेंगाळत नाही.

काय चुकलं

नऊ दिवसांनी ओटा घराच्या भिंतीला मिळतो त्या डाव्या कोपऱ्यात ताजं भोक. जाळी तिथे भिंतीपासून दोन इंच अलीकडे संपली होती, कारण साइडिंगखालच्या (भिंतीवरच्या बाहेरच्या आच्छादनाखालच्या) पत्र्याला धक्का लावायचा नव्हता. दोन इंच म्हणजे चिपमंकचा पूर्ण दरवाजा. पुन्हा बोळा, पुन्हा वाट पाहणं, मग जाळीचा सहा इंची तुकडा घडी घालून फटीत बसवला आणि पत्र्याखाली सरकवला. अशा कामात मधली जाळी सहसा चुकत नाही. तपासायचे ते कोपरे, जोड आणि पाइप आत शिरतो ती जागा.

निकाल

पुढच्या मेमध्ये पाहणी केली. ओट्याशी एकही भोक नाही. गडग्यात चिपमंक पूर्वीइतकेच. मटारची उगवण जवळपास पूर्ण, सूर्यफूल एकाच पेरणीत आलं. तड्यातलं अंतर चार मिलिमीटर, म्हणजे वर्षात एक हिवाळा जाऊनही हललं नाही. जाळी, स्क्रू, लाकूड, खडी, जोडनळी आणि एका दिवसासाठी भाड्याने घेतलेलं ड्रिल मिळून दोनशे साठ डॉलर आणि दोघांचे अडीच दिवस. मुलीला लाइम झाला नाही. पण त्याचं श्रेय यातल्या कशालाही देता येत नाही, रोज संध्याकाळच्या तपासणीलाही अंशतःच.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी पाण्याची नळी सोडून पाहायची. पंधरा मिनिटांत कळलं असतं ते कळायला पाच आठवडे गेले.

पिंजरा आणण्याआधी राज्याचा नियम वाचायचा. शेजारच्या राज्यात वेगळा असू शकतो; न्यू जर्सीत राहणाऱ्या नातेवाइकाचा सल्ला मॅसॅच्युसेट्समध्ये चालेलच असं नाही. आणि पिंजरा लावलाच तर सावलीत, दर तासाला पाहत. उन्हातल्या तारेच्या पिंजऱ्यात एवढंसं जनावर थोड्याच वेळात मरतं.

वाफे भरण्याआधी तळाला जाळी घालायला हवी होती. भरलेल्या वाफ्यात ते आता होत नाही. या वसंतात तिसरा वाफा केला त्यात घातली.

घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एकत्र बसवायला हवं होतं. कोण काय टाकतं, कोण काय उचलतं, हे बाहेरून आलेल्या माणसाला दिसत नाही.

तडा अजून भरलेला नाही. आणखी एक हिवाळा खुणा पाहायच्या, अंतर तेवढंच राहिलं तर लवचीक सीलंट भरायचं, वाढलं तर ओट्याखाली पोकळी आहे का हे हातोडीने ठोकून पाहायचं आणि मग काँक्रीटच्या माणसाला बोलवायचं. चिपमंकच्या माणसाला नाही.